शेजारचं वायफाय उघडं दिसतंय. आपली लाईन येईपर्यंत वापरलं तर चालेल का?

सिडको_नवं_बिऱ्हाड

नमस्कार मंडळी. नाशिकच्या सिडकोत जुन्या रो-हाउसच्या ओळीत भाड्याचं घर आहे, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत. फायबरचा अर्ज केलाय, वायर ओढायला आठ-दहा दिवस लागतील म्हणतात. इकडे फोनमध्ये एक नेटवर्क दिसतंय: कुलपाची खूण नाही, पासवर्ड मागत नाही, बोट लावलं की जोडलं जातं आणि नेट चालतं. नाव म्हणजे राउटर कंपनीचं नाव आणि पुढे चार अक्षरं, त्यामुळे घर कुणाचं ते कळत नाही.

घरात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, प्लॅन अनलिमिटेड, त्यांच्या खिशातून काय जातंय? दुसरा म्हणतो, न विचारता घेतलं म्हणजे चोरीच. मला तपशील हवाय. त्यांचं खरंच काही बिघडतं का? कायदा काय म्हणतो? आपल्याला काही धोका? आणि सांगायचं तर कुणाला, कसं? नाहीतर दुसऱ्या दिवसापासून "हे आमच्या नेटवर डोळा ठेवून होते" अशी ओळख व्हायची.

ओएनटी_सातपूर

आधी ते नेटवर्क आहे काय ते बघू. हल्ली बहुतेक राउटर खोक्यातून निघतानाच पासवर्ड घेऊन निघतात, तळाच्या स्टिकरवर छापलेला असतो. तरी उघडं दिसतं याची कारणं ठरलेली आहेत. घरात दोन डबे असतात, फायबर ज्यात येते तो ओएनटी आणि त्याला वायरने जोडलेला जुना राउटर. ओएनटीच्या वायफायला पासवर्ड असतो, जुना राउटर मात्र कधीतरी रीसेट होऊन उघडा पडलेला असतो. किंवा वरच्या खोलीसाठी रिपीटर (सिग्नल पुढे नेणारा डबा) लावलेला असतो आणि त्याने स्वतःचं नेटवर्क तसंच सोडलेलं असतं. अशा वेळी नावाच्या शेपटाला बहुधा 'ईएक्सटी' दिसतं. तिसरं म्हणजे कुणीतरी जुना कॅमेरा जोडताना "पासवर्ड घेत नाही" म्हणून सिक्युरिटी 'नन' म्हणजे 'काहीच नाही' केली आणि परत लावायची राहून गेली. या तिन्हींत मालकाची समजूत अशी की आपलं नेट बंदोबस्तात आहे.

आता "त्यांचं काय जातं". याचं उत्तर जीबीत शोधू नका. फायबरच्या बऱ्याच प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, त्यात तुमच्या आठ दिवसांच्या ४०-५० जीबीने ओरखडासुद्धा उठत नाही. जातो तो हवेतला वेळ. वायफायच्या एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलतो, बाकीचे थांबतात. त्यांच्या हॉलमधला फोन ३०० एमबीपीएसने बोलत असेल तर १५०० बाइटचं एक पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, ०.०४ मिलिसेकंदात पार होतं. भिंतीपलीकडे उणे ८२ डीबीएमवर (हे सिग्नलच्या ताकदीचं माप, इतका म्हणजे कमजोर) लटकलेला तुमचा फोन ६ एमबीपीएसवर उतरतो आणि तेच पॅकेट २ मिलिसेकंद घेतं. पन्नास पट. सिग्नल आणखी पडून जुन्या १ एमबीपीएसच्या दरावर आलं की १२ मिलिसेकंद. प्लॅन शंभरचा असो की तीनशेचा, ह्या रांगेला त्याचं काही पडलेलं नसतं.

परिणाम असा की त्यांच्याकडे व्हिडिओ मीटिंग अडखळते, ते कंपनीला फोन लावून तोंडसुख घेतात, लाईनमन येतो, ओएनटीला येणारी पॉवर उणे १९-२० डीबीएम बघतो, म्हणजे लाईन ठणठणीत, आणि काहीच न सापडता परत जातो. त्यात तुमच्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला असेल तर तो रात्रभर अपलोड खात बसतो. तुम्ही "फक्त व्हॉट्सॲप" म्हणत असता, फोन तसं मानत नाही. वायफाय दिसलं की सगळी ॲप अपडेट व्हायला लागतात.

कलम_४३

कायद्याचं सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३, पहिलाच खंड: संगणक, संगणक प्रणाली किंवा नेटवर्क यांच्या मालकाची अथवा ते ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी न घेता त्यात प्रवेश केला तर नुकसानभरपाई. पासवर्ड फोडला पाहिजे असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. त्यामुळे "कुलूपच नव्हतं" हा बचाव लंगडा आहे, प्रश्न परवानगीचा विचारला जातो. अर्थात भरपाई मागायची तर नुकसान दाखवावं लागतं, आणि असा दावा जातो राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे, ते निवाडा अधिकारी असतात (५ कोटींपर्यंतचे दावे). तुमच्या आठ दिवसांच्या वापरासाठी नाशिकहून कुणी मंत्रालयाच्या पायऱ्या चढणार नाही.

कलम ६६ मात्र फौजदारी आहे. कलम ४३ मधलंच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र. तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने करायचा. सगळी मदार 'अप्रामाणिक' या शब्दावर. फोन आपोआप जोडला गेला, लक्षात आलं, तोडला: यात हेतूच नाही. पण घर शोधता येत होतं, विचारता येत होतं, तरी न विचारता आठ दिवस चालवलं आणि स्वतःचे पैसे वाचवले, तर गैरलाभाचा युक्तिवाद करायला वकिलाला फार डोकं लागत नाही.

परवानगी कुणाची हेही बघा. घरातला आठवीतला मुलगा "घ्या काका" म्हणाला, ती परवानगी नाही. कनेक्शन भाडेकरूच्या नावावर असेल तर घरमालकाने दिलेल्या होकाराला अर्थ नाही. आणि "मग आपण अर्धे-अर्धे बिल भरू" हा मार्ग फार लोकांना सुचतो, तो त्याहून वाईट. पाहुण्याला पासवर्ड देणं निराळं. दुसऱ्या बिऱ्हाडाला महिनोन्महिने पैसे घेऊन लाईन देणं बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही, आणि कनेक्शन तुटलं तर ते ज्याच्या नावावर आहे त्याचं तुटतं.

पण माझ्या मते या सगळ्यापेक्षा मोठी भानगड नावाची आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले. काही मिनिटं आधी गेलेल्या ईमेलचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा नंबर) निघाला नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन नागरिकाच्या घरी. त्याचं वायफाय उघडं होतं, मेल भलत्यानेच पाठवलेली, चौकशी मात्र त्याच्या वाट्याला. पुढच्याच वर्षी दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफायवर वापरणाऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं केलं. स्टेशनवर नि हॉटेलात आज ओटीपी मागतात त्याचं मूळ तिथे आहे. तुम्ही दहशतवादी नाही, मान्य. पण एखादा सिनेमा टॉरेंटवरून उतरवलात किंवा तुमच्या फोनमधलं एखादं फसवं ॲप काही उद्योग करून बसलं, तरी आयपी पत्ता त्यांचा. कंपनीला नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात आणि त्यात ग्राहकाचं नाव असतं. घरच्या राउटरची स्वतःची नोंद बहुतेक वेळा वीज गेली की पुसली जाते. म्हणजे "हे आम्ही केलेलं नाही" म्हणायला शेजाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही.

पंचवटी_ओटा

दोघांनी फार ताणलंय असं माझं मत. लहरी माझ्या घरात येतात, मी बोलावल्या नाहीत. शेजाऱ्याच्या व्हरांड्यातल्या दिव्याचा उजेड माझ्या ओट्यावर पडतो आणि त्यात मी पेपर वाचला तर तो गुन्हा का? उन्हाळ्यात पंचवटीत पाणपोया लागतात, प्यायच्या आधी कुणी मालकाचा शोध घेतं का? आपल्याकडे पाणी आणि उजेड विचारून घ्यायची रीत नाही. वापर माफक असेल तर वायफायही त्यातलंच समजा.

शिवाय अडीनडीचं काय? रात्री मोबाईल टॉवर बंद, घरात कुणी आजारी, तेव्हाही घंटा वाजवून परवानगी घ्यायची का?

ओएनटी_सातपूर

अडीनडीला वापरा, बिनधास्त. आणि सकाळी जाऊन सांगा. ते सांगण्याची तयारी आहे की नाही, एवढ्यावरून तुमचं तुम्हालाच कळतं तो वापर कसला होता ते.

उजेडाची उपमा मात्र तांत्रिकदृष्ट्या पटत नाही. उजेडात वाचताना दिव्याला काही कळवावं लागत नाही. वायफायला जोडताना तुमचा फोन आधी विनंती पाठवतो, राउटर ती मंजूर करतो, आपल्या यादीतला एक आयपी पत्ता तुमच्या नावे लिहितो, पुष्कळदा २४ तासांसाठी, आणि मग तुमचं प्रत्येक पॅकेट उचलून स्वतःच्या नावाने बाहेर पाठवतो. त्यांचं यंत्र तुमच्यासाठी काम करतंय. नुसता ऐकणारा रेडिओ वेगळा, हा दुतर्फा व्यवहार आहे.

आणि पाणपोईचं तुम्हीच काढलंत ते बरं केलंत. पाणपोईला रांजण असतो, पेला असतो, वर कापडाचा मंडप, तोंड रस्त्याकडे. लावणाऱ्याचं नावही बहुतेकदा पाटीवर असतं. अंगणातल्या नळाला कुलूप नाही म्हणून त्याला कुणी पाणपोई म्हणत नाही. वायफायमध्येही पाणपोई ओळखता येते: नावात 'फ्री' किंवा 'गेस्ट' लिहिलेलं, जोडल्यावर एक पान उघडतं, मोबाईल नंबर आणि ओटीपी मागतं. रेल्वे स्थानकांवरचं रेलटेलचं असंच आहे, रोज पहिला अर्धा तास फुकट. कुणाला खरंच सगळ्यांसाठी नेट ठेवायचं असेल तर २०२० पासून पीएम-वाणी योजना आहे, तिच्यात किराणा दुकानदारसुद्धा परवाना किंवा नोंदणी शुल्क न भरता वायफाय देऊ शकतो. सिंहस्थात पंचवटीत लॉजवाल्यांनी आणि दुकानदारांनी याचा विचार करायला हरकत नाही. कंपनीचं नाव आणि चार अक्षरं ही यातली कुठलीच पाटी नाही.

पंचवटी_ओटा

मंडपाचा मुद्दा मान्य. उजेडाचा अजून पूर्ण पटलेला नाही, पण राहू दे.

कलम_४३

एक पुरवणी. काही लोक चांगुलपणाने भलतंच करतात. उघड्या नेटवर्कला जोडायचं, राउटरच्या पानावर जायचं, 'ॲडमिन-ॲडमिन' टाकून आत शिरायचं आणि त्यांच्या वतीने पासवर्ड लावून टाकायचा. किंवा नेटवर्कचं नावच बदलून 'पासवर्ड लावा' करायचं. हे अजिबात करू नका. वापरणं ही एक पायरी झाली, यंत्रणेत फेरफार ही वरची. त्यांच्याच नेटमधून त्यांना बाहेर काढलंत तर कलम ४३ मधले दोन-तीन खंड एकदम लागतात, आणि हेतू चांगला होता हे सांगायची वेळ पोलीस ठाण्यात येते.

ओएनटी_सातपूर

तुमच्या धोक्याचं राहिलं होतं. उघड्या नेटवर्कवर फोन आणि राउटर यांच्यात हवेत एन्क्रिप्शनच नसतं. बँकेचं ॲप स्वतःचं एन्क्रिप्शन घेऊन चालतं, त्यामुळे आतला मजकूर सुरक्षित. पण तुम्ही कुठल्या साइटवर जाता ती नावं साधारणपणे दिसतात, राउटरवाल्यालाही आणि आसपास लॅपटॉप घेऊन बसलेल्यालाही. ब्राउझरने सर्टिफिकेटची सूचना दिली तर "तरीही पुढे जा" दाबायचं नाही, एवढं पक्कं ठेवा. विंडोज लॅपटॉप असेल तर नेटवर्क 'पब्लिक' प्रकारचं ठेवा, नाहीतर शेअर केलेले फोल्डर अख्ख्या ओळीला उघडे.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. उघडं नेटवर्क फोन केवळ नावावरून ओळखतो. ते नाव एकदा लक्षात ठेवलं की त्याच नावाचा सापळा कुणी कुठेही लावला तर फोन आपणहून जाऊन चिकटतो. म्हणून आत्ता पहिलं काम: वायफायच्या यादीत त्या नावावर जा, 'फर्गेट' करा, आणि उघड्या किंवा पब्लिक नेटवर्कला आपोआप जोडण्याचं बटण असेल तर बंद करा.

आठ दिवस मोबाईल डेटावर निघतात. व्हिडिओ मीटिंग तासाला साधारण एक जीबी खाते, कॅमेरा बंद ठेवून नुसता आवाज ठेवलात तर शंभर एमबीच्या आत. लॅपटॉपला हॉटस्पॉट देताना विंडोजमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड' (मोजून वापरायचं) करा, नाहीतर पहिल्याच तासात अपडेट तुमचा दिवसाचा कोटा गिळतील.

घर शोधायला वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही ॲप घ्या, ते डीबीएममध्ये आकडा दाखवतं. शून्याच्या जवळ तेवढं जवळ. राउटर दोन्ही बँडवर दिसत असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा आकडा सोडून द्या, तो भिंती ओलांडून सगळ्या ओळीत जवळपास सारखाच दिसतो. ५ गिगाहर्ट्झचा बघा, विटांच्या भिंतीला तो लवकर दमतो. रस्त्यावरून सावकाश चाला, एकेका फाटकासमोर दहा सेकंद थांबा. एका घरासमोर उणे ५० आणि पुढच्या घराशी उणे ७० असा फरक पडला की घर मिळालं. फोन तेवढ्या वेळ एकाच उंचीवर धरा, हाताच्या आडोशानेही आकडा हलतो.

ते "आम्हाला जमत नाही" म्हणाले तर त्यांना सांगायला म्हणून क्रम देतो. त्यांच्या घरी, त्यांच्याच हाताने, त्यांच्याच फोनवर. स्टिकरवर पत्ता असतो, १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आत गेल्यावर काहीही बदलण्याआधी इंटरनेट किंवा वॅन नावाच्या पानाचा फोटो काढा, तिथे पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या लाईनच्या लॉगिनचं, युजरनेम असतं. मग ॲडमिनचा पासवर्ड बदला. मग वायफाय सिक्युरिटीच्या यादीत डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस हा एन्क्रिप्शनचा पर्याय निवडा. डब्ल्यूपीए३ असेल तर एकटं निवडू नका, २ आणि ३ मिश्र ठेवा, जुने टीव्ही नि कॅमेरे नुसत्या ३ वर येत नाहीत. हे २.४ आणि ५ दोन्हींना वेगवेगळं करावं लागतं, आणि इथेच लोक चुकतात: एकाला लावतात, दुसरं तसंच उघडं राहतं. रिपीटर असेल तर त्यालाही.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. मोबाईल नंबर ठेवू देऊ नका. आपले नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. हवेतून एकदा जोडणी टिपून घेतली की चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या वर तपासतं, तास-सव्वातासात सगळे नंबर संपतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, लक्षातही राहतात. मग डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण तो अर्धा-अर्धा तपासला जातो आणि शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात ११ हजार प्रयत्नांत उघडतो. २०११ पासून हे जगजाहीर आहे. रिमोट मॅनेजमेंट (घराबाहेरून राउटरची सेटिंग उघडायची सोय) दिसलं तर तेही बंद. नेटवर्कचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे ओळख क्रमांक, बघून आत घेणं) यांच्या नादी लागू नका. दोन्ही गोष्टी हवेत उघड्या फिरत असतात, आणि नवे फोन मॅक पत्ता बदलत राहतात म्हणून घरचेच लोक अडकतात.

आणि मागचं बारीक भोक. टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की सगळं रीसेट, पीपीपीओईसकट. मग नेटच बंद, कंपनीचा माणूस येईपर्यंत. "शेजारचे आले आणि आमचं नेट गेलं" ही कीर्ती नको असेल तर त्या भोकापासून लांब राहा.

सिडको_नवं_बिऱ्हाड

सगळ्यांचे आभार. 'फर्गेट' केलं. ॲपने घर पण सापडलं, उजवीकडून तिसरं, फाटकाला उणे ४८. ओळख नाही म्हणून चिठ्ठी लिहून फाटकाला अडकवायचं ठरवलंय. मजकूर असा:

"नमस्कार. तुमच्या घरातलं वायफाय (नाव: …) पासवर्ड नसल्यामुळे आमच्यासह आजूबाजूला कुणालाही जोडता येतं. कंपनीच्या माणसाला सांगून पासवर्ड लावून घ्यावा. आम्ही ते वापरलेलं नाही. – शेजारी"

ठीक आहे ना?

कलम_४३

"आम्ही वापरलेलं नाही" काढा. वर तुम्हीच लिहिलंय, जोडलं आणि नेट चाललं. "एकदा जोडून बघितलं तेव्हा लक्षात आलं" असं सरळ लिहा. खाली 'शेजारी' नको, घर नंबर घाला, निनावी चिठ्ठीने माणूस घाबरतो.

पंचवटी_ओटा

अहो, चिठ्ठी कशाला? फाटकाला अडकवली तर दूधवाल्यापासून पेपरवाल्यापर्यंत सगळे वाचणार, नेटवर्कच्या नावासकट. सरळ जा, नव्याने राहायला आलोय म्हणून ओळख करून द्या आणि त्यातच सांगून टाका.

ओएनटी_सातपूर

आणि संध्याकाळी सात ते नऊ जाऊ नका. पासवर्ड लावला की आधी टीव्ही तुटतो, आणि त्या वेळी घरात मालिका चालू असते. रविवारी सकाळी दहाला जा. टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर, मुलांचे फोन, प्रत्येकात जुनं नाव 'फर्गेट' करून नव्याने जोडायला अर्धा तास धरा. कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, त्याचं ॲप बहुतेकदा फोन २.४ वर असल्याशिवाय पुढेच सरकत नाही.